बूटवाल्याचा नवस

"चालून बघा."

हे तो सगळ्यांना सांगायचा. दुकानात गिऱ्हाईक नवा बूट घालून स्टुलावर बसून राहिलं, की त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवून म्हणायचा, "चालून बघा. बसल्याजागी कुठलाच बूट चावत नाही." तिथवर ठीक होतं. पण शेजारच्या मुलीला स्थळ बघून गेलं, तेव्हा तिच्या आईलाही त्याने हेच सांगितलं. "मुलगा पोहे खाऊन गेला, त्यातून काय कळणार? दोघांना मैदानावर चालून येऊ द्या." त्या बाईने बरेच दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मुलगी मात्र चालून आली आणि नको म्हणाली.

मुलुंड स्टेशनजवळच्या चपलांच्या दुकानात तो सेल्समन होता. मालक नव्हे. मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथे लागला आणि दुकान बंद होईपर्यंत तिथेच राहिला. मी देवीच्या देवळाबाहेर चप्पल स्टँड सांभाळते. म्हणून आपला धंदा एकच, असं तो म्हणायचा. "मी लोकांच्या पायात घालतो, तुम्ही काढून घेता, मावशी." त्याचं नाव इथे सांगत नाही. देवळाजवळचे सगळे त्याला बूटवाला म्हणायचे, मीही तेच म्हणायचे. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करायचे.

दर शुक्रवारी तो बायकोला घेऊन यायचा. बायको आत जायची आणि हा माझ्या फळ्यांपाशी उभा. पायात पॉलिश केलेले काळे बूट, लेस घट्ट बांधलेली.

"आत का जात नाहीस रे?" मी एकदा विचारलं.

"बूट काढावे लागतील."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण ते खरं होतं. उघडा पाय जमिनीला लावायचा नाही, ही त्याची लहानपणापासूनची खोड. देवाशी त्याचं काही वाकडं नव्हतं, अडचण फरशीची होती. त्याची बायको सांगायची, "आमच्याकडे खोलीतल्या चपला वेगळ्या, मोरीतल्या वेगळ्या, गॅलरीतल्या वेगळ्या. पाहुण्यांना वाटतं घरात वीस माणसं राहतात." स्वतःच्या लग्नात होमापुढे बसताना जोडे काढावे लागले, तर हा मोजे घालून बसला होता. भटजींनी डोळे वटारले. हा म्हणाला, "मंत्र पायांनी ऐकायचे नाहीत ना?"

बायको आत असेपर्यंत आमचा दोघांचा उद्योग ठरलेला. तुम्हीही कधी देवळाबाहेर रांगेत उभे असाल, तर फळीवरच्या चपलांचे तळ बघा. प्रत्येकाची झीज वेगळी असते. आम्ही चप्पल बघून माणूस ओळखायचो. एकदा त्याने एक लेडीज सँडल उचलली. चवड्याखाली पार झिजली होती, टाच मात्र नवी कोरी. "ही बाई सतत घाईत असते," तो म्हणाला. "टाच टेकायलाही वेळ नाही हिला." थोड्या वेळाने सँडलची मालकीण बाहेर आली. चांगली जाडजूड. तीन पायऱ्या उतरायला तिला इतका वेळ लागला की मागे रांग लागली. मी त्याच्याकडे बघितलं.

"घाई मनात असते, मावशी," तो म्हणाला.

हरलो असं कधी म्हणायचा नाही.

पुढे ते दुकान गेलं आणि तिथे मोबाइलचं आलं. मालकाने त्याला राहा म्हटलं होतं, पण मोबाइल विकायचा म्हणजे उभ्याउभ्या काउंटरवरून बोलायचं. याला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायची सवय. एवढी वर्षं त्याने लोकांची तोंडं कमी आणि पाय जास्त बघितले होते. घरी बसला. शुगर निघाली. आमच्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांना शुगर आहे, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

लॉकडाऊननंतर देऊळ उघडलं, त्याच्या पुढच्या वर्षीचं नवरात्र. नवरात्रात आमच्याकडे बरीच माणसं नऊ दिवस चप्पल घालत नाहीत. बँकेतली, ऑफिसातली, रिक्षा चालवणारी, सगळी अनवाणी फिरतात. त्यामुळे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असूनही माझ्या फळ्या अर्ध्या रिकाम्या. पहिल्या माळेला सकाळी आरतीनंतर बूटवाला आणि त्याची बायको आली. बायकोचं तोंड नुसतं फुललेलं.

"मावशी, ह्यांनी नवस धरलाय. अनवाणी!"

मी त्याच्या पायांकडे बघितलं. "बूट आहेत की."

"ते घरापासून इथपर्यंतच. डॉक्टरने सांगितलंय ना, उघड्या पायाने चालायचं नाही म्हणून. मग मी देवीला विचारून घेतलं. कौल लावला. रस्त्याला बूट चालतील, मैदानाला रोज पाच प्रदक्षिणा अनवाणी. तेवढ्याने काय होतंय?"

"आणि देवी काय म्हणाली?"

"उजवं फूल पडलं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवीला फुलं लावून प्रश्न विचारतात. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. आम्ही कोकणातली माणसं मुंबईत आलो, तरी ही रीत सोडली नाही. बूटवाला हात बांधून बाजूला उभा होता. डॉक्टरने सांगितल्यावर ज्या बाईने त्याला मोरीतसुद्धा चपलेशिवाय कधी जाऊ दिलं नसतं, तिला देवीपुढे काही बोलता येईना. हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

बायको उपासाचं करायला घरी गेली. तो माझ्या स्टुलावर बसला आणि लेस सोडायला लागला.

"मावशी, तुम्हाला म्हणून सांगतो. नवसबिवस काही नाही. मला पळायचंय."

"काय करायचंय?"

"पळायचंय. अनवाणी." त्याने मोबाइल काढून दाखवला. एक गोरा माणूस, दाढीवाला, जंगलात उघड्या पायाने पळत होता. "आता ही नवी पद्धत आहे. शेवटी शेवटी दुकानात एक पोरगा यायचा, मॅरेथॉनवाला. सोल नसलेला बूट मागायचा. मी म्हटलं, अरे, सोल नसलेला बूट म्हणजे मोजा. तो म्हणाला, अंकल, बूट घालून घालून पाय झोपतात. उघडे टाकले की जागे होतात. तेव्हा मी हसलो त्याला."

"तुझे झोपलेत?"

"जरा," तो म्हणाला.

"मग बायकोला खरं सांग."

"खरं सांगितलं तर घराबाहेर सोडेल का? देवीचं नाव घेतलं म्हणून सोडलंय."

मोजे काढले. त्याचे पाय मी पहिल्यांदा बघितले. सोललेल्या मुळ्यासारखे पांढरे. त्याने ते फरशीवर असे ठेवले, जसं कोणी दुसऱ्याचं सामान ठेवतं.

देवळाला लागूनच मैदान आहे. लाल माती, मध्ये क्रिकेटची खेळपट्टी, कडेने लोकांच्या चालण्याने पडलेली वाट. तो वाटेवर जाऊन उभा राहिला. थोडा वेळ नुसता उभा. मग पळाला. आयुष्यात कधी पळालेला माणूस नव्हता हे लांबूनही कळत होतं. दोन्ही कोपरं बाहेर, दोन हातांत दोन बादल्या असल्यासारखी. ओल्या फरशीवरून जावं तसे पाय उचलून टाकत होता आणि प्रत्येक वेळी खाली बघत होता. खेळणारी पोरं थांबली. एक बोलर ओरडला, "काका, एवढा लांब रनअप?" याने हात हलवला आणि तेवढ्यात तोल जाऊन पडता पडता वाचला.

एक फेरी मारून आला तेव्हा धापा टाकत होता.

"कसं वाटलं?"

"झकास," तो म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "अजून एक मारतो. एकाने काही कळत नाही."

दोनतीन दिवसांत त्याचं पळणं सगळ्यांच्या नजरेत आलं. दर्शनाची रांग मैदानाच्या कडेनेच लागते. रांगेतल्या बायकांना दुसरं काम काय? कोणी म्हणालं, मुलाच्या नोकरीसाठी नवस आहे. कोणी म्हणालं, बायकोला मोठा आजार आहे. चालत प्रदक्षिणा घालणारे पुष्कळ बघितले होते, पळत घालणारा पहिलाच. एक बाई तर रांग सोडून आली आणि त्याच्या हातात नारळ ठेवून म्हणाली, "भाऊ, माझ्या नातवासाठी एक फेरी मारा हो. चार वर्षांचा झाला, बोलत नाही अजून."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार? मी मान फिरवली.

"मारतो," तो म्हणाला. आणि खरंच तिच्यासाठी वेगळी फेरी मारली. परत येऊन मला हळूच म्हणाला, "मावशी, आता ऑर्डरी यायला लागल्या."

हसलो आम्ही. फुलवालीही हसली. माझ्या शेजारीच तिची टोपली असते.

मग एका सकाळी असं झालं. तो पळून आला होता आणि माझ्या मडक्यातलं पाणी पीत उभा होता. मागून एक म्हातारी आली. खाली वाकली, दोन्ही तळहात त्याच्या पावलांवर ठेवले, वर कपाळ टेकवलं आणि पाय चांगले दाबून नमस्कार केला. हा पाणी पितच राहिला. मागे वळला नाही, पाय मागे घेतला नाही. म्हातारी उठून गेली.

"आशीर्वाद तरी द्यायचास," मी म्हटलं.

"कोणाला?"

मला वाटलं नाटक करतोय. म्हटलं, "तिला. ती बघ चाललीय. तुझ्या पायांवर डोकं ठेवून गेली."

त्याने खाली बघितलं. डाव्या पावलावर म्हातारीच्या कपाळाचं कुंकू लागलं होतं. त्याने वाकून ते बोटाने पुसलं. मग हात बघितला. मग स्टुलावर बसला.

त्यानेच सांगितलं. दोन वर्षं झाली होती. आधी बोटांना कळेनासं झालं, मग चवड्याला, मग टाचेला. "मोजा काढला तरी मोजा घातल्यासारखंच वाटतं, मावशी. निघतच नाही तो मोजा. डॉक्टर टाचणी लावून विचारतो, कळतंय का? मी म्हणतो, कळतंय. बायकोला थोडं माहीत आहे, सगळं नाही." मग म्हणाला, "आयुष्यभर लोकांना विचारत आलो, कुठे टोचतंय का, बोटाला लागतंय का. आता मला कोणी विचारलं तर सांगू काय?"

"आणि असल्या पायांनी तू मैदानात पळतोस?"

"म्हणूनच पळतो! काल टाचेला जमीन कळली. खरंच. खडबडीत लागली. जागे होतायत ते."

त्याचं तोंड बघवत नव्हतं, इतकं खूश होतं. पण मला असल्या गोष्टींत उगाच हो म्हणता येत नाही. मी केरसुणीतला एक हीर ओढून काढला आणि म्हटलं, "डोळे मिट."

"कशाला?"

"मिट म्हणते ना."

त्याने मिटले. मी हिराच्या टोकाने त्याच्या उजव्या टाचेला टोचलं. "कुठे?"

"डावा," तो म्हणाला. "अंगठा."

मी डाव्या चवड्याला टोचलं. जरा जोरातच.

"उजवा. नाही, थांबा. उजवाच."

फुलवालीने हार ओवायचा थांबवला होता. मी हीर माझ्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात बाजूला घेतले. "आणि आता?"

तो थोडा वेळ लक्ष देऊन थांबला. मग त्याचं तोंड उजळलं. "हां, हे कळलं. हे नक्की. टाच. उजवी टाच."

"डोळे उघड."

त्याने उघडले. हीर माझ्या मांडीवर होता. त्याने तो बघितला, माझे हात बघितले. रांगेत आरती चालू होती, टाळ्या पडत होत्या. तो म्हणाला, "तुम्ही फार वाईट आहात, मावशी."

"आहे. उद्यापासून पळायचं नाही. असला पाय कापला तर भरत नाही. गिरगावातला माझा दीर याच्यातच गेला. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. तुझा पाय जाईल रे."

"बघू," तो म्हणाला आणि मोजे चढवायला लागला.

दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या लेस सोडली आणि बूट माझ्यापुढे धरले.

"मी ठेवणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? चप्पल स्टँड आहे ना हे?"

"देवळात जाणाऱ्यांसाठी आहे. तू देवळात जात नाहीस."

"अहो मावशी, दसऱ्यापर्यंत तर फक्त."

"घाल बूट आणि घरी जा."

त्याने बूट नेऊन फुलवालीला दिले. तिने झेंडूच्या टोपलीमागे ठेवले. मी तिच्याकडे असं बघितलं की दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही. काय करायचं? हा लहान पोर थोडाच होता, की कान धरून घरी पाठवावा.

एक मात्र खरं. तोवर तो चांगला पळायला लागला होता. कोपरं आत आली होती, मान वर. पायांकडे बघायचं त्याने सोडून दिलं होतं. साठीचा माणूस, पोट सुटलेला, पण हलका दिसत होता. क्रिकेटवाली पोरं आता त्याला वाट द्यायची. मी चपला ठेवून घेत होते आणि एक डोळा त्याच्यावर ठेवून होते.

फेऱ्या संपवून तो देवळाच्या फरशीवर आला. सकाळी धुतलेली पांढरी फरशी. मी दुसरीकडे बघत होते. त्याचाच आवाज आला.

"अहो, जपून चाला हं. कोणाला तरी लागलंय इथे."

मी मान वळवली. फरशीवर लाल पावलं उमटली होती. एक आड एक. मैदानाच्या कडेपासून निघून ती फुलवालीच्या टोपलीपर्यंत आली होती आणि तिथे, शेवटच्या पावलावर, तो स्वतः उभा होता. रक्त कोणाचं म्हणून आजूबाजूच्या लोकांच्या पायांकडे बघत होता.

"बस," मी म्हटलं.

"का?"

"बस खाली!"

उजव्या चवड्यात ट्यूबलाइटची काच गेली होती. चांगली बोटाच्या पेराएवढी. कोणाच्या मंडपाची फुटली असेल, देव जाणे. मी त्याचं पाऊल मांडीवर घेतलं. तो वाकून बघत होता, जसं दुसऱ्या कोणाला लागलंय. "ओढा, मावशी. मला काही होत नाही." मी ओढली. खरंच त्याला काही झालं नाही. आतून रक्त भळकन आलं तरी त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. फुलवालीने तोंड फिरवलं. मी मडक्यातलं पाणी ओतून जखम धुतली. तिने ओटीचा एक कोरा खण फाडून दिला, तो मी बांधला.

मग त्याची चेष्टा थांबली.

"घरी सांगू नका, मावशी."

"सांगणार."

"दसऱ्यापर्यंत भरेल. ऐका ना माझं. ती किती खूश आहे, तुम्ही बघताय. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या देवीसाठी काही करतोय असं तिला वाटतंय. शेजारणींना सांगत फिरते. तिला कळलं की मी खोटं बोललो..."

"खोट्याचं तिला वाईट वाटेल. पाय गेल्याचं जास्त वाटेल. नंबर सांग तिचा."

त्याने सांगितला नाही. फुलवालीने त्याचा मोबाइल घेतला आणि लावला. मला वाटतं, झेंडूमागे बूट ठेवल्याचं तिला लागलं होतं.

बायको रिक्षाने आली. हाताला राजगिऱ्याचं पीठ तसंच. मी तिला कोपऱ्यात वगैरे नेलं नाही, तिथेच सांगितलं. "तुझा नवरा देवीसाठी पळत नव्हता. पायात जीव येतो का ते बघायला पळत होता. जीव नाही त्याच्या पायात, मी टोचून बघितलंय. काच गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही. डॉक्टरकडे ने, आत्ता."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. खाली बसली, खण सोडून जखम बघितली, परत बांधली. मग त्याला म्हणाली, "मी कौल लावला, तेव्हा तुम्ही बाजूला उभे होतात ना?"

"होतो."

"नवस तोंडाने बोलला होतात ना? देवीसमोर?"

"बोललो. पण मनात..."

"मनातलं कोण विचारतंय? बोललात ना? मग चला."

एवढंच. रिक्षात घालून घेऊन गेली. मी फरशी धुतली.

त्याला हॉस्पिटलात ठेवून घेतलं. पाय सुजला, ताप चढला. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस बघू, विष वर चढलं तर पाऊल काढावं लागेल. हे फुलवालीने त्याच्या बायकोला फोन करून विचारलं आणि मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आरती सुटल्यावर त्याची बायको आली. एकटी. रात्रभर हॉस्पिटलात बसलेली दिसत होती. पायातल्या चपला काढून तिने माझ्यापुढे ठेवल्या.

"दर्शनाला?" मी विचारलं.

"ह्यांच्या फेऱ्या राहिल्यात."

"अगं बाई, पण तो नवस खोटा होता ना."

"तो ह्यांचा खोटा. कौल मी लावला होता, मावशी. उजवं फूल देवीने मला दिलं. ते कसं खोटं?"

मी चपला ठेवून घेतल्या. तिने पदर खोचला आणि मैदानात उतरली. पळाली नाही, चालली. पण भरभर. हॉस्पिटलात परत जायचं होतं तिला. तिच्या पायांना सगळं कळत होतं. खडा लागला की लांबून "आई गं" ऐकू यायचं. ती ओरडली की मला बरं वाटायचं.

फेऱ्या झाल्यावर येऊन विचारते, "ती नातवासाठी फेरी सांगणारी बाई होती ना, तिची झाली होती का?"

"झाली. त्यानेच मारली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गेली.

दसऱ्यापर्यंत ती रोज आली. एक दिवस चुकवला नाही.

अंगठ्याशेजारचं बोट गेलं. पाऊल राहिलं. रांगेतल्या बायका म्हणाल्या, देवीने राखलं. मी म्हटलं, डॉक्टरने राखलं आणि वेळेवर नेलं म्हणून राखलं. त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "दोघांनी." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी तो परत माझ्या फळ्यांपाशी उभा राहिला. पायात रुंद तोंडाचे, मऊ, खास करून घेतलेले बूट. बघायला अगदी वाईट. "माझा नंबर आता कुठल्याच दुकानात नाही, मावशी," तो म्हणाला. त्याला ते लागलं होतं, पण त्याने हसत सांगितलं.

मी विचारलं, "एक सांग. मी तुला डोळे मिटायला लावून टोचलं, तेव्हा तुला कळलं होतं की पाय जागे होत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी कशाला पळालास?"

तो मैदानाकडे बघत होता.

"पाय नव्हते कळत," तो म्हणाला. "पण वारा कळत होता. छाती कळत होती. इतकी वर्षं पळायचे बूट विकले मी. हे पळायचे, हे चालायचे, हे ऑफिसचे. पळतात म्हणजे काय करतात, ते मला माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी कळलं. मग सुटेना."

"बोट गेलं त्यात."

"गेलं," तो म्हणाला.

पश्चात्ताप झालाय असं त्याने म्हटलं नाही. मीही त्याच्याकडून म्हणवून घेतलं नाही.

पुढे त्यांची बिल्डिंग पाडायला काढली आणि ती दोघं बदलापूरला मुलाकडे गेली. बदलापूर काही जवळ नाही. परत आली नाहीत. मागच्या वर्षी फुलवालीने सांगितलं, बूटवाला गेला. झोपेत, हार्टने. तिला त्याच्या बायकोचा फोन आला होता.

मी विचारलं, "पाय?"

"पाय चांगले होते म्हणे. दोन्ही."

बरं, म्हटलं.

बदलापूरला जायच्या आदल्या शुक्रवारी ती दोघं आली होती, ते सांगते आणि संपवते. त्या दिवशी तो आत गेला. दोन दोन मोजे चढवून, बायकोच्या खांद्याला धरून. आत त्याने काय केलं मला माहीत नाही, मी बाहेर होते. बाहेर आल्यावर माझ्या स्टुलावर बसला आणि पाय पुढे केला. समोर रिक्षा उभी होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बायको त्याच्या पायाशी खाली बसली. बूट उचलला, उलटा करून दोनदा आपटला. मग आत हात घातला, पार मनगटापर्यंत, आणि बोटांनी हळूहळू चाचपत गेली. टाच, मधला भाग, पुढचं टोक. तो निवांत बसला होता, दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा, आणि मैदानावरचं क्रिकेट बघत होता. तिने हात बाहेर काढला. तर्जनीच्या टोकाला साबुदाण्याएवढा एक खडा चिकटलेला होता. तिने तो त्याला दाखवला नाही. माझ्याकडे बघून खाली टाकला आणि त्याला म्हणाली, "घाला आता."